जुन्या चिनी वनस्पतिचित्राच्या पद्धतीने जास्वंद रंगवताना

१८१२ साली जॉन रीव्ह्ज नावाचा इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीचा चहा-तपासनीस म्हणून कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझूला पोचला. चहाची पारख हे त्याचं पोटापाण्याचं काम. पण १८३१ मध्ये तो कायमचा मायदेशी परतला तोवर त्याने चिनी चित्रकारांकडून फुलझाडं, फळं, मासे, पक्षी यांची शेकडो जलरंगचित्रं काढून घेतली होती. लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्याला तसं कळवलंच होतं. जिवंत रोपं जहाजावर महिनोन्‌महिने खाऱ्या वाऱ्यात बहुतेक मरून जात आणि वाळवलेल्या नमुन्यांचा रंग उडून जाई. त्यामुळे चीनच्या बागांत काय फुलतं ते इंग्लंडमध्ये बसून बघायचं तर चित्र हाच खात्रीचा मार्ग होता.

त्याच्याही आधी, १७७० च्या दशकाच्या सुरुवातीला, कंपनीचाच जॉन ब्रॅडबी ब्लेक हा तरुण अधिकारी माक साउ या कँटनच्या चित्रकाराकडून असंच काम करून घेत होता. ब्लेक १७७३ मध्ये वयाच्या तिशीआधीच वारला आणि त्याचा बेत अर्धा राहिला. माक साउचं नाव टिकलं हे नशीबच म्हणायचं. रीव्ह्जच्या चित्रकारांपैकी अकुत, अकाम, अक्यू आणि असुंग ही चार नावं कागदपत्रांत सापडतात. बाकीच्या अनेक हातांची ओळख आता फक्त त्यांच्या रेषेतून.

ही चित्रं पहिल्या नजरेला युरोपीय वाटतात. पांढरा कागद, मधोमध एकच फांदी, मागे डोंगर नाही की पाणी नाही, कवितेची ओळ नाही. जवळून पाहिलं की हात चिनी आहे हे कळतं: पानाच्या शिरेजवळ कोरा सोडलेला केसाएवढा पट्टा, एकावर एक चढवलेले पातळ थर, परागकोशांचे उठावदार ठिपके. हे नुसतं बघून लक्षात राहत नाही. माझं स्पष्ट मत आहे की असं चित्र समजून घ्यायचं तर एकदा त्याच क्रमाने, त्याच थरांनी एखादं फूल स्वतः रंगवावं. इथे मी त्यासाठी जास्वंद घेतली आहे. आपण गणपतीला वाहतो तीच लाल, एकेरी जास्वंद. दक्षिण चीनच्या बागांतही ती फार जुनी आहे, कँटनच्या चित्रांत ती भेटते, आणि तुमच्या दारात किंवा शेजाऱ्याच्या कुंपणावर ती नक्की असेल.

आधी चित्र वाचा

रीव्ह्जचा संग्रह मुख्यतः दोन ठिकाणी आहे: लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम आणि रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची लिंडली लायब्ररी. लंडनच्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्येही कँटनची निर्यात-चित्रं, म्हणजे परदेशी गिऱ्हाइकांसाठी काढलेली चित्रं, आहेत. त्यांच्या संकेतस्थळांवर चित्रं मोठी करून बघता येतात. जास्वंद, कमेलिया, शेवंती, काहीही उघडा आणि किमान अर्धा तास फक्त बघा.

काय बघायचं? पहिलं म्हणजे पानं. एखादं तरी पान मुद्दाम वळवून त्याची मागची बाजू दाखवलेली असते, कारण मागचा रंग आणि शिरांचा उठाव वनस्पतिशास्त्रज्ञाला हवा असतो. दुसरं, फुलाच्या अवस्था: मिटलेली कळी, अर्धी उमललेली, पूर्ण उमललेलं फूल. तिसरं, बाह्यरेषा. पारंपरिक चिनी फूल-पक्षी चित्रात शाईची रेष ठळक दिसते. इथे ती रंगातच विरघळवलेली असते, पाकळीची कड गडद लाल तर पानाची गडद हिरवी. चौथं, सावली. जमिनीवर पडलेली सावली कुठेच नाही. उजेड एका बाजूने येतोय असं नसतं. जिथे एक पाकळी दुसरीखाली जाते तिथे रंग गडद, जिथे वर येते तिथे फिका. हा नियम पक्का लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

कागदही बघा. बरीचशी चांगली चित्रं इंग्लंडहून आणलेल्या व्हॉटमन कागदावर आहेत. उजेडासमोर धरला की त्यात गिरणीचं नाव आणि पुष्कळदा साल दिसतं. १७९४ नंतरच्या इंग्रजी कागदावर साल सर्रास आढळतं, त्यामुळे चित्र कोणत्या वर्षाआधीचं नसणार हे तरी ठरवता येतं. याउलट झाडाच्या भेंडापासून पातळ काप काढून केलेल्या मऊ, मखमली ‘कागदा’वरची छोटी चित्रं ही प्रवाशांना विकण्यासाठी होती. ती सुंदर असतात, पण साच्यावरून भराभर काढलेली. त्यात एकच फूल कधी दोन वेगळ्या झाडांच्या पानांसह दिसतं. नक्कल करायला ती निवडू नका.

आपल्याकडचं एक उदाहरण शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे. पुण्याजवळ दापोडीला मुंबई सरकारची वनस्पती-बाग होती. तिचा अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन याने १८४७ ते १८५० या काळात एका भारतीय चित्रकाराकडून सुमारे १७० वनस्पतिचित्रं काढून घेतली. ती आता एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. काम तेच, मागणी करणारा साहेब त्याच प्रकारचा, तरी रंग लावण्याची सवय वेगळी. दोन्ही एकदम उघडून फक्त पानं ताडून पाहा. कँटनचा हात कशात आहे ते तिथे सर्वांत लवकर कळतं.

सामान

कागद: ३०० ग्रॅमचा, शंभर टक्के कॉटनचा, हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत. खडबडीत कागदावर ही पद्धत चालतच नाही. हातकागद वापरायचा असेल तर कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकून पाहा. थेंब लगेच शोषला गेला तर त्या कागदाला आधी खळ द्यावी लागेल.

ती खळ घरी होते. चिनी पद्धतीत सरस आणि तुरटी यांचं प्रमाण सात भागांना तीन. अर्धा लिटर पाण्यासाठी सरसाऐवजी ७ ग्रॅम जिलेटिन आणि ३ ग्रॅम तुरटी घ्या. जिलेटिन थोड्या थंड पाण्यात अर्धा तास भिजवा, मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवा. उकळू देऊ नका, उकळलं की चिकटपणा जातो. तुरटी वेगळ्या कोमट पाण्यात विरघळवा. दोन्ही निवत आल्यावर एकत्र करून कापडातून गाळा. रुंद मऊ ब्रशने कागदावर एकदाच, एका दिशेने फिरवा आणि आडवा ठेवून वाळवा. वाळल्यावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहिला की झालं. पृष्ठभाग चमचमू लागला तर तुरटी जास्त झाली आहे. तिथे रंग धरणार नाही. उरलेली खळ फ्रिजमध्ये झाकून ठेवा, ती पुढे लागणार आहे, पण चार-पाच दिवसांत संपवा.

रंगांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. कँटनच्या चित्रकाराच्या वाट्यांत हिंगूळ, शेंदूर, हरताळ, शिशाचा सफेदा, नीळ, किरमिजी आणि गॅम्बोज असे. गॅम्बोज म्हणजे आपल्या कोकमाच्याच गणातल्या एका आग्नेय आशियाई झाडाचा वाळवलेला पिवळाधमक चीक. यातल्या हिंगुळात पारा आहे, हरताळात आर्सेनिक, शेंदूर आणि सफेद्यात शिसं, आणि गॅम्बोजही पोटात गेलं तर विषारी. ‘अस्सल’पणाच्या हौसेपायी ही पूड घरात कुटू नका, विशेषतः लहान मुलं असतील तर. शिशाच्या सफेद्याला आणखी एक खोड आहे: हवेतल्या गंधकाच्या वायूंनी तो काळवंडतो. जुन्या चित्रांत पांढऱ्या पाकळीवर राखाडी-काळे डाग दिसले तर ते बहुधा त्यामुळेच. चित्रकाराने तिथे सावली दाखवलेली नसते.

आपल्यासाठी ट्यूबमधले सहा रंग पुरेत: व्हर्मिलियन ह्यू, परमनंट क्रिमसन किंवा क्विनाक्रिडोन लाल, इंडिगो, गॅम्बोज ह्यू, बर्न्ट सिएना आणि पांढरा गॉश म्हणजे अपारदर्शक जलरंग. नावातलं ‘ह्यू’ म्हणजे मूळ विषारी द्रव्य न वापरता केलेली तशीच छटा. साधा अ‍ॅलिझरिन क्रिमसन उजेडात उडतो, तो टाळा. शिवाय काळ्या शाईची कांडी किंवा कार्बनची बाटलीतली शाई. ब्रश चार: रेषेसाठी शून्य नंबरचा लांब टोकाचा, रंगासाठी चार नंबरचा, पाण्यासाठी सहा नंबरचा, आणि खळीसाठी एक रुंद मऊ.

फूल सकाळी, पानं नंतर

जास्वंदीचं फूल साधारण एकच दिवस टिकतं. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटायला लागतं. म्हणून फांदी सकाळी तोडा, पाण्यात उभी करा आणि सगळ्यात आधी उमललेलं फूल काढा; पानं दुपारपर्यंत थांबतात.

पेन्सिल हातात घेण्याआधी एक फूल उघडून बघा. पाकळ्या पाच, आणि प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या वर, दुसरी खाली. हा पीळ काही फुलांत उजवीकडे असतो, काहींत डावीकडे. तुमच्या फुलात कुठला ते टिपून ठेवा, कारण मनाने काढलं की दोन पाकळ्या एकाच वेळी वर येतात आणि फूल खोटं पडतं. मधली लांब नळी ही पुंकेसरांची. भेंडी, कापूस आणि जास्वंद एकाच कुळातली, तिघांच्या फुलात ही नळी असते. परागकोश तिच्या वरच्या भागात छोट्या देठांवर, आणि अगदी टोकाला पाच लाल मखमली गोळ्या, त्या कुक्षी. पाकळीच्या मुळाशी रंग गडद. खाली हिरवा पेला, आणि त्याच्याही खाली बारीक हिरव्या पट्ट्यांची आणखी एक रांग. ती विसरू नका. घाईत काढलेल्या चित्रांत पहिली गळते ती हीच. पानाच्या कडेचे दाते वरच्या भागात स्पष्ट, देठाकडे कड जवळजवळ सरळ. पानाच्या देठाशी दोन बारीक उपपर्णं.

आता साध्या कागदावर, खऱ्या मापाने कच्चं चित्र काढा. फांदी खालून तिरकी आत येऊ द्या. एक फूल थोडं बाजूने वळलेलं, म्हणजे नळी आणि पेला दोन्ही दिसतात. एक मोठी कळी, एक छोटी. चार-पाच पानं, त्यातलं एक उलटं. एखाद्या पानाला कीड लागली असेल तर तेही तसंच काढा. सभोवती कागद भरपूर मोकळा ठेवा.

रेष

कच्च्या चित्रावर पातळ ट्रेसिंग कागद ठेवून एकच स्वच्छ रेष काढा आणि ती मुख्य कागदावर उतरवा. पातळ कागद असेल तर खिडकीच्या काचेवर धरून, जाड असेल तर ट्रेसिंगच्या मागे पेन्सिल घासून. कँटनच्या चित्रकारांच्या वर्कशॉपमध्येही उतारे असेच चालत. त्यात कमीपणा नाही.

मग शाई. तीन वाट्यांत तीन छटा करा. पाकळ्यांना सगळ्यात फिकी, जेमतेम दिसेल इतकी, पानांना मध्यम, खोडाला गडद. ब्रश उभा धरा, रेष मनगटातून न ओढता कोपरातून ओढा, आणि पाकळीच्या वळणावर थांबू नका. रेष वाळली की पेन्सिलच्या खुणा मऊ खोडरबराने उचला.

दोन ब्रश एका हातात

या चित्रपद्धतीचा गाभा इथे आहे, आणि इथे वेळ द्या. चिनी बारकाव्याच्या चित्रकलेत, जिला गोंगबी म्हणतात, रंग आणि पाणी यांचे ब्रश वेगळे असतात आणि दोन्ही एकाच हातात धरले जातात. रंगाचा ब्रश लिहायच्या पकडीत, पाण्याचा बोटांच्या फटीत आडवा. रंगाच्या ब्रशने गडद हवं त्या कडेला एक अरुंद पट्टा लावायचा, लगेच बोटं फिरवून पाण्याचा ब्रश पुढे आणायचा आणि त्या पट्ट्याची एकच कड पाण्याने ओढत न्यायची, रंग शून्यावर येईपर्यंत. पाण्याचा ब्रश ओला असावा, गळणारा नको. आधी फडक्यावर एकदा टेकवा.

कोऱ्या कागदावर तासभर फक्त हेच करा. सुरुवातीला रंग आणि पाणी यांच्या सीमेवर रेष उमटते. कारण बहुतेक वेळा रंग दाट असतो किंवा पाणी उशिरा येतं. रंग चहाच्या पाण्याइतका पातळ करा. एका थरात गडदपणा मिळवायची घाई करू नका. चिनी चित्रकारांत ‘तीन वेळा तुरटी, नऊ वेळा रंग’ अशी म्हण आहे: प्रत्येक थर फिका, मधूनमधून खळीचा हात, म्हणजे खालचा रंग सुटत नाही.

पानं

पानाची वरची बाजू: पहिले दोन-तीन थर फक्त इंडिगोचे, त्यात शाईचा अगदी थेंब. मधल्या शिरेच्या एका बाजूला पट्टा लावा, कडेकडे ओढून विरवा. मग प्रत्येक उपशिरेच्या फक्त एकाच, वरच्या बाजूला. शिरेला लागून केसाएवढी जागा कोरी सोडा. तीच पुढे शीर म्हणून दिसणार आहे. हा कोरा पट्टा चित्रातून जिवंतपणे चमकतो. नंतर पांढऱ्या रंगाने काढलेल्या शिरेला ते तेज येत नाही, म्हणून इथे कंटाळा करू नका.

निळं-राखाडी पान बघून घाबरू नका. पूर्ण वाळल्यावर गॅम्बोजमध्ये थोडा इंडिगो मिसळून पातळ हिरवा करा आणि सगळ्या पानावर एकदाच फिरवा. निळ्यावर पिवळा बसला की पान एकदम हिरवं होतं, आणि आतून गडद राहतं. एवढा खोल हिरवा ट्यूबमधून थेट मिळत नाही. कोवळ्या पानांना पिवळा जास्त, टोकाला बर्न्ट सिएनाची झाक.

उलट्या पानासाठी हिरव्यात पांढरा गॉश मिसळा. रंग फिका, मॅट, सपाट. त्यावर शिरा गडद हिरव्याने बारीक काढा, कारण मागे त्या उठून येतात.

पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात हे काम करत असाल तर थर वाळायला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. वरून कोरडा दिसणारा कागद आतून दमट असतो. हाताची मागची बाजू टेकवा. गार लागला तर थांबा. हेअर ड्रायर लांबून चालेल, पण खळ लावल्यावर लगेच नको.

फूल

लालाखाली लालच, पण दुसरा. पहिला थर व्हर्मिलियनचा, त्यात जरासा पांढरा, सगळ्या पाकळ्यांवर सपाट आणि पातळ. चिनी पद्धतीत हिंगुळाच्या तळावर किरमिजी चढवत. आपण तेच करतोय. तळामुळे फूल उबदार दिसतं, वरच्या क्रिमसनमुळे खोल.

वाळल्यावर क्रिमसन दोन ब्रशांनी: प्रत्येक पाकळीच्या मुळापासून बाहेर, आणि जिथे पाकळी शेजारणीखाली जाते त्या कडेपासून आत. वर आलेली कड फिकीच ठेवा. एका वेळी एकाआड एक पाकळी रंगवा, म्हणजे ओले रंग एकमेकांत शिरत नाहीत. तीन-चार थरांनंतर खळ कोमट करून तिचा एक पातळ हात द्या, ब्रश एकदाच फिरवा, घासू नका. वाळू द्या. पुन्हा थर. मुळाशी शेवटी क्रिमसनमध्ये इंडिगोचा कण घालून गडद करा. पाकळीच्या शिरा शून्य नंबरच्या ब्रशने, मुळाकडून निघून कडेआधीच विरणाऱ्या. कडेची किंचित चुणीही अशाच छोट्या छटांनी येते.

मधली नळी फिकट गुलाबी, एका बाजूला क्रिमसनची छटा. परागकोश अगदी शेवटी. पांढरा गॉश सायीइतका दाट करा, ब्रशच्या टोकाने ठिपका ठेवून ब्रश सरळ वर उचला. ठिपका उठावदार राहतो. वाळल्यावर प्रत्येक ठिपक्यावर गॅम्बोज. तिरक्या उजेडात जुन्या चित्रांकडे पाहिलं की हे उंचवटे अजून दिसतात.

खोडाला बर्न्ट सिएना आणि शाई, दोन थर, बस.

शेवटची रेष आणि नोंद

सगळं वाळल्यावर पाकळ्यांची बाह्यरेष गडद क्रिमसनने, पानांची गडद हिरव्याने पुन्हा काढा, पण जिथे ती हरवली आहे तिथेच. सगळीकडे सारखी रेष ओढली तर फूल कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

वनस्पतिशास्त्रासाठी काढलेल्या चित्रांत खाली उभं चिरलेलं फूल, एक वेगळी पाकळी, पेला असे तपशील कधी कधी असतात. ब्लेकसाठी माक साउने असे बरेच काढले. तुम्हीही काढा. दुसऱ्या दिवशीचं ताजं फूल ब्लेडने उभं चिरून बघा: तळाशी बीजांड असलेला भाग, नळीच्या आतून जाणारा बारीक धागा. फळ मात्र चित्रात घालू नका. बागेतल्या लाल जास्वंदीला फळ क्वचितच धरतं.

चित्राच्या मागे पेन्सिलने झाडाचं नाव, वनस्पतिशास्त्रीय नाव (हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस), जागा, तारीख आणि कागद-रंगांची नोंद करा. कुठलं जुनं चित्र समोर ठेवलं होतं तेही लिहा, म्हणजे पुढे कोणी ती मूळ कृती समजणार नाही. फ्रेम करायची तर काच चित्राला चिकटू नये म्हणून मध्ये जाड माउंट घाला, बाहेरच्या भिंतीवर टांगू नका कारण पावसात तिथे ओल येते, आणि थेट ऊन टाळा. फ्रेम नको असेल तर दोन आम्लरहित कागदांमध्ये ठेवून फोल्डर आडवा ठेवा, आणि दर पावसाळ्यानंतर एकदा उघडून कसर लागली नाही ना, बुरशी आली नाही ना, ते तपासा.